सार्वजनिक कंत्राटे, वऱ्हाडातील

शासन, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा अन्य सार्वजनिक प्राधिकरण यांनी वस्तू, सेवा अथवा बांधकाम मिळविण्यासाठी खाजगी व्यक्तीशी वा संस्थेशी केलेला करार म्हणजे सार्वजनिक कंत्राट होय. सैन्याचा दाणागोटा, रस्ते, पूल, धरणे, रुग्णालयांतील औषधे, शाळांतील बाके आणि अंगणवाडीतील आहार या सर्व गोष्टी प्रायः अशाच करारांतून उपलब्ध होतात. मराठीत या व्यवहारास इजारा, मक्ता, ठेका, गुत्ता अशी अनेक नावे आहेत. ‘कंत्राट’ हा शब्द पोर्तुगीजांच्या संपर्कातून आला, तर ‘निविदा’ हा अलीकडच्या प्रशासनिक परिभाषेतील शब्द आहे. इजारा आणि कंत्राट यांत मात्र मूलभूत भेद आहे. इजाऱ्यात राज्यसत्ता आपला वसुलीचा अधिकारच ठरीव रकमेच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या हवाली करते. कंत्राटात ती अधिकार स्वतःकडे ठेवून फक्त काम करवून घेते. वऱ्हाडच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासात या दोन्ही पद्धतींचा अनुभव आढळतो. कामाची किंमत ठरविणे, झालेले काम मोजणे आणि त्याचे पैसे वेळेवर चुकविणे या तीन गोष्टी ज्या सत्तेच्या हाती राहिल्या नाहीत, तिचे नियंत्रणही टिकले नाही, असे या अनुभवाचे सार आहे.

प्रारंभिक स्वरूप : अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे मोगल अमदानीत वऱ्हाडातील प्रमुख लष्करी ठाणे होते. अकबराचा पुत्र शाहजादा मुराद याने बाळापूरपासून सहा कोसांवर शाहपूर वसविले. बाळापूरचा विटांचा भक्कम किल्ला औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने बांधावयास घेतला आणि एलिचपूरचा नबाब इस्माईलखान याने तो १७५७ मध्ये पुरा केला, असे मानतात. १७२० मध्ये याच परिसरात निजामुल्मुल्क याने सय्यद बंधूंच्या पक्षाच्या आलम अलीखानाचा पराभव केला. अशा ठाण्याभोवती वावरणाऱ्या मोठ्या फौजांना धान्य पुरविणे हा त्या काळातील सार्वजनिक खरेदीचा सर्वांत निकडीचा प्रकार होता. हे काम मुख्यतः वंजारी अथवा बंजारा समाजाचे तांडे करीत. १६३० च्या सुमारास विजापूरवरील मोहिमेत भंगी व जंगी या नायकांनी १ लाख ८० हजार बैलांवरून आसफखानाच्या फौजेस धान्य पुरविले आणि त्याबद्दल त्यांना ताम्रपटाने सवलती मिळाल्या, अशी परंपरा वऱ्हाडातील बंजाऱ्यांत सांगितली जाते. बैलांची संख्या अतिशयोक्त असली, तरी व्यवहाराचे स्वरूप तीवरून कळते. तांड्याचा नायक हा स्वतंत्र व्यापारी असे. भाव बाजारात ठरे आणि सैन्य त्यास रोख अथवा सवलतींच्या रूपाने मोबदला देई. १८०३ मध्ये अकोला जिल्ह्यातील अडगाव येथील लढाईच्या मोहिमेत आर्थर वेलस्ली यासही याच तांड्यांवर अवलंबून राहावे लागले.

रोख किंमत देऊन खरेदी करणे आणि रयतेकडून जिन्नस हिसकावून घेणे यांतील फरक महाराष्ट्रातील राज्यकर्त्यांना अज्ञात नव्हता. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रात लागेल ती वस्तू बाजारातून विकत घ्यावी, रयतेस उपद्रव देऊ नये, अशी ताकीद दिली होती. खरेदीची शिस्त हा राज्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

इजाऱ्याचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्याचा कारभार राजा चंदुलाल याच्या हाती होता. फौजेचा खर्च, विशेषतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील ‘हैदराबाद कंटिंजंट’ या सैन्याचा पगार, उत्पन्नापेक्षा सतत वाढत गेला. तो भागविण्यासाठी दरबाराने सावकारांकडून कर्जे घेतली आणि कर्जाच्या बदल्यात महसुलाचे परगणे त्यांना लावून दिले. हैदराबाद येथील पामर आणि कंपनी ही पेढी या व्यवहारात अग्रेसर होती. एतद्देशीय संस्थानिकांस कर्ज देण्यावर ब्रिटिश कायद्याने निर्बंध असताही गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने १८१६ मध्ये या पेढीस विशेष सूट दिली. १८२० मध्ये तिने ६० लाख रुपयांचे मोठे कर्ज उभे केले. व्याजाचा दर भारी होता व हिशोब दरबारापेक्षा पेढीच्याच हाती होते. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने या व्यवहारास कडवा विरोध केल्यानंतर त्यास आळा बसला आणि पुढे पेढीचे दिवाळे निघाले.

पामर गेला, तरी पद्धत कायम राहिली. वऱ्हाडचा बराचसा भाग पूरणमल या सावकाराकडे इजाऱ्याने होता. १८३९ मध्ये तो दूर होऊन पेस्तनजी आणि कंपनी या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा प्रभाव वाढला. या व्यापाऱ्यांनी १८२५–२६ मध्ये वऱ्हाडातून मुंबईस प्रथमच मोठ्या प्रमाणावर कापूस पाठविला होता. त्यांनी शेतकऱ्यांना आगाऊ रकमा दिल्या आणि बाळापूरच्या पश्चिमेस असलेल्या खामगावी व अन्यत्र कापूस दाबण्याचे यंत्र बसविले. औरंगाबादच्या टाकसाळीतील त्यांच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपया प्रसिद्ध आहे. वऱ्हाडच्या व्यापाराची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांची गणना करावी लागते. परंतु १८४१ मध्ये दरबाराने आपल्या देण्यापोटी त्यांना वऱ्हाडातील मोठा महसूल लावून दिला, तेव्हा व्यापारी, सावकार आणि वसुली अधिकारी या तिन्ही भूमिका एकाच हाती आल्या. १८४३ मध्ये चंदुलालाने अधिकारपद सोडले. नव्या कारभाऱ्यांना हे करार नको होते. १८४५ मध्ये पेस्तनजींना वऱ्हाडातील परगणे सोडणे भाग पडले.

या घटनाक्रमात दोष केवळ सावकारांच्या लोभाचा नव्हता. दरबारास आपल्या परगण्यांचे खरे उत्पन्न ठाऊक नव्हते, इजारदाराने किती वसूल केले हे मोजण्याची यंत्रणा नव्हती आणि देणे वेळेवर फेडण्याची ऐपत नव्हती. इजारदारालाही पुढील वर्षी परगणा आपल्याकडे राहील याची शाश्वती नसे. त्यामुळे चालू वर्षी होईल तेवढी वसुली करण्याकडे त्याचा कल असे. या अनिश्चिततेचा भार शेवटी कुणब्यावर पडला.

कंटिंजंटचे देणे साचत जाऊन अखेर २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश सैन्याच्या खर्चासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत गेले आणि कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र परतला नाही. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये या दराने तो कायम पट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला व १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडला गेला. ज्या सैन्यावर आपला ताबा नाही त्याच्या पगाराचा बोजा स्वीकारणाऱ्या सत्तेने एक संपूर्ण सुभा गमावला, असे हे उदाहरण आहे.

सार्वजनिक बांधकाम व लोहमार्ग : कंपनी सरकारचा स्वतःचा कारभारही प्रारंभी निर्दोष नव्हता. बांधकामे पाहणारे ‘मिलिटरी बोर्ड’ दिरंगाईबद्दल कुप्रसिद्ध होते. लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत ते मोडून १८५४ मध्ये स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते उभारण्यात आले. कामाचे अंदाजपत्रक आधी तयार करणे, ते सक्षम अधिकाऱ्याने मंजूर करणे, जाहीर निविदा मागविणे आणि झालेल्या कामाची जागेवर मोजणी करून मोजमाप पुस्तकात नोंद केल्याशिवाय देयक न देणे, ही कार्यपद्धती या खात्यात रूढ झाली. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. इजाऱ्याच्या काळात ज्या तीन गोष्टी राज्यसत्तेच्या हातून सुटल्या होत्या, त्या या पद्धतीने निदान कागदोपत्री तिच्याकडे परत आल्या.

लोहमार्गांच्या बाबतीत अनुभव निराळा आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीस १८४९ च्या कराराने भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी मिळाली होती. खर्च कितीही झाला तरी भागधारकांना व्याज मिळणार असल्याने काटकसरीची निकड उरली नाही, अशी टीका त्या काळीही झाली. बाळापूरपासून जवळ असलेल्या पारस स्थानकावरून जाणारा भुसावळ–नागपूर मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी या कंपनीचा बोरघाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. त्यानंतर कंपनीच्या पुलांची तपासणी झाली आणि निकृष्ट ठरलेली अनेक दगडी बांधकामे दुरुस्त करावी अथवा नव्याने उभारावी लागली. बांधकाम पोटकंत्राटदारांकडून घाईने होत होते आणि देखरेख अपुरी होती. पैशाची हमी असली तरी कामाची मोजणी व गुणवत्तेची पाहणी यांची हमी नसल्यास काय घडते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

संविधान व न्यायनिर्णय : स्वातंत्र्योत्तर काळात राज्याच्या कार्यांचा विस्तार झाला व कंत्राटांचे प्रमाण वाढले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९९ अन्वये राज्य शासनाचे करार राज्यपालांच्या नावे व प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीने व्हावे लागतात. कोणत्याही अधिकाऱ्याने तोंडी शब्दावर शासनास बांधून घेऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

या अनुच्छेदावरील एक प्रारंभीचा महत्त्वाचा निर्णय विदर्भातील आहे. चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी हे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. ते ज्या भागीदारी पेढीत होते, तिचा सैन्याच्या उपाहारगृहांसाठी सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ‘चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी विरुद्ध मोरेश्वर परशराम’ या खटल्यात, करार संविधानाने सांगितलेल्या नमुन्यात नसला तरी त्यात हितसंबंध आहे, असे ठरवून त्यांना अपात्र ठरविले. निकाल न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिला. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयात होते. त्याच वर्षी भंडाऱ्यात झालेल्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार होते. कंत्राट देणाऱ्या संस्थेवर बसणाऱ्याने कंत्राट घेऊ नये, हे तत्त्व महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यातही आहे. नगरपालिकेच्या कंत्राटात हिस्सा वा हितसंबंध असलेली व्यक्ती त्यान्वये सदस्यत्वास अपात्र ठरते. बाळापूरसारख्या नगर परिषदेच्या कारभारास हे बंधन लागू आहे.

मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेतून उद्‌भवलेल्या ‘रमणा दयाराम शेट्टी’ खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट असताना ती पुरी न करणाऱ्यास काम देण्यात आले होते. प्राधिकरणाने स्वतः घातलेली अट त्यास स्वतःलाही बंधनकारक असते, कारण ती वाचूनच इतर इच्छुक दूर राहिलेले असतात, असे न्यायालयाने म्हटले. अर्जदारास मात्र विलंबादी कारणांनी दाद मिळाली नाही. खापरखेडा औष्णिक विद्युत केंद्राच्या कामासंबंधीच्या ‘रौनक इंटरनॅशनल’ खटल्यात (१९९८) याची दुसरी बाजू पुढे आली. निविदेतील प्रत्येक वादात काम स्थगित केले, तर विलंबाचा खर्च जनतेलाच सोसावा लागतो. म्हणून न्यायालयांनी सार्वजनिक हिताचा तोल पाहावा, असे तीत ठरले.

दोष व चौकश्या : नियम असूनही गैरव्यवहार थांबले नाहीत. केंद्र शासनाने नेमलेल्या संथानम समितीसमोर (१९६२–६४) अनेक साक्षीदारांनी बांधकामांच्या व खरेदीच्या व्यवहारांत ठरीव टक्केवारी वाटली जाते, असे सांगितले. बांधकामांत ती ७ ते ११ टक्के असल्याचे समितीने नमूद केले. या समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम केला. तथापि ‘टक्केवारी’ हा शब्द मराठी व्यवहारात गणितापेक्षा या अर्थानेच अधिक रूढ झाला.

गैरव्यवहारांचे ठराविक प्रकार आढळतात. मोठ्या कामाचे तुकडे पाडून ते निविदेच्या मर्यादेखाली आणणे. विशिष्ट पुरवठादारासच लागू पडतील अशा अटी घालणे. ठेकेदारांनी आपसांत संगनमत करून दर ठरविणे. कमी दराने काम मिळवून नंतर जादा बाबी व वाढीव किंमत मंजूर करून घेणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. यांतील शेवटचा प्रकार सिंचन प्रकल्पांत विशेष चर्चिला गेला. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ मध्ये स्थापन झाले. त्याच्या प्रकल्पांच्या वाढलेल्या किमतींवरून उठलेल्या वादानंतर शासनाने २०१२ मध्ये सिंचनावर श्वेतपत्रिका काढली आणि जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले. त्याचा अहवाल २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आला. सुधारित मान्यता, कामाच्या व्याप्तीतील बदल आणि निविदाप्रक्रिया हे त्यातील प्रमुख विषय होते. पाण्याची वाट पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक वर्षाचा विलंब हा एका हंगामाचा तोटा असतो.

पात्रतेच्या अटींचा परिणाम आहाराच्या पुरवठ्यातही दिसून आला. अंगणवाडीतील आहाराचे काम ठेकेदारांऐवजी स्थानिक महिला गटांस मिळावे, असे सर्वोच्च न्यायालयाचे धोरण होते. महाराष्ट्रातील २०१६ च्या निविदेतील आर्थिक अटी मात्र लहान बचत गटांच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. ‘वैष्णोराणी महिला बचत गट’ खटल्यात २०१९ मध्ये न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द केली. जाहीर निविदा निघाली म्हणजे स्पर्धा खुली झालीच, असे नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

सुधारणा : १९९० नंतर सार्वजनिक खरेदी हा जगभर स्वतंत्र अभ्यासाचा विषय बनला. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार विधी आयोगाने १९९४ मध्ये आदर्श कायदा तयार केला व २०११ मध्ये तो सुधारला. दक्षिण कोरियाने २००२ मध्ये सर्व शासकीय खरेदी एका संगणकीय व्यवस्थेत आणली. भारतात तमिळनाडू (१९९८) व कर्नाटक (१९९९) या राज्यांनी निविदांच्या पारदर्शकतेचे कायदे केले. संसदेपुढील २०१२ चे सार्वजनिक खरेदी विधेयक मात्र व्यपगत झाले.

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्ये व केंद्राचा २००५ मध्ये झाल्यावर अंदाजपत्रके, मोजमाप पुस्तके व देयके नागरिकांना पाहता येऊ लागली. हा बदल दूरगामी ठरला. कारण त्यापूर्वी मोजणीची नोंद अभियंता, ठेकेदार व लेखापरीक्षक यांच्यापुरतीच मर्यादित होती. ई-निविदा पद्धतीमुळे निविदापेटीपाशी होणारी अडवणूक बंद झाली. २०१४ मध्ये ३ लाख रुपयांवरील कामांना ती लागू करण्यात आली व पुढे या मर्यादेत बदल झाले. शासकीय कार्यालयांच्या खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ रोजी प्रसृत झाली आणि २०१७ मध्ये केंद्राच्या ‘जेम’ या संगणकीय बाजारपेठेतून खरेदी करण्याचे धोरण राज्याने स्वीकारले. २०२३ मध्ये औषधे व वैद्यकीय साहित्याच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला.

सर्वांत कमी दराच्या निविदेस काम द्यावे, हा प्रदीर्घ काळचा नियमही पुनर्विचारास आला आहे. अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दर भरणारा ठेकेदार पुढे काम अर्धवट टाकतो किंवा दर्जात काटछाट करतो, असा अनुभव असल्याने अशा वेळी जादा सुरक्षा ठेव घेतली जाते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांद्वारे ठराविक कामांत किमतीबरोबर गुणवत्तेलाही भार देण्याची मुभा दिली. चालू देयकाचा ७५ टक्के भाग दहा कामकाजी दिवसांत द्यावा, असेही त्यांत सांगितले आहे. देयके वर्षानुवर्षे थकली, तर प्रामाणिक ठेकेदार स्पर्धेतून बाहेर पडतो आणि उरलेले ठेकेदार थकबाकीचे व्याज आधीच दरात धरतात. एकोणिसाव्या शतकातील हैदराबाद दरबाराचा अनुभव येथे लहान प्रमाणावर पुन्हा प्रत्ययास येतो.

महामार्गाचे उदाहरण : कंत्राटाची रचना व कामाची गती यांचा संबंध बाळापूरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ (पूर्वीचा क्र. ६) याच्या चौपदरीकरणात ठळकपणे दिसला. अमरावती ते चिखली हा भाग प्रथम ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर एकाच मोठ्या कंत्राटाने देण्यात आला होता. ते आयएल अँड एफएस या वित्तसमूहाशी संबंधित कंपनीकडे होते. समूह कर्जात बुडाल्यावर १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र शासनाने त्याचे संचालक मंडळ बदलण्यासाठी पाऊल उचलले. इकडे रस्त्याचे काम बंद पडले. खोदलेला रस्ता, धूळ व अपघात यांचा त्रास वाटसरूंनी व काठच्या गावांनी दीर्घकाळ सोसला. पुढे करार संपुष्टात आणून काम अमरावती–कुरणखेड, कुरणखेड–शेळद, शेळद–नांदुरा व नांदुरा–चिखली अशा चार भागांत नव्याने देण्यात आले. यांतील शेळद हे गाव बाळापूर तालुक्यात आहे. जून २०२२ मध्ये याच महामार्गाच्या अमरावती–अकोला भागात ७५ कि.मी. लांबीचा डांबरी थर सु. १०५ तासांत सलग टाकण्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. जो रस्ता वर्षानुवर्षे रखडला, त्याच्याच एका पट्ट्यावर पाच दिवसांत असे काम होऊ शकले. माती, डांबर व मजूर तेच होते. जोखीम कोणी उचलावयाची आणि पैसा कोठून व केव्हा यावयाचा, याची मांडणी बदलली होती.

बाळापूरच्या किल्ल्यातील फौजेसाठी धान्य घेऊन येणाऱ्या तांड्यापासून संगणकावरील निविदेपर्यंत व्यवहाराची साधने पार बदलली. संगणक निविदा उघडू शकतो. परंतु रस्त्याच्या थराची जाडी, सिमेंटचे प्रमाण किंवा आहाराच्या पाकिटाचे वजन जागेवर जाऊनच तपासावे लागते. त्यामुळे सार्वजनिक कंत्राटांच्या सुधारणेची कसोटी निविदा कशी निघाली यापेक्षा मोजणी कोणी केली, ती कोणास पाहता आली आणि देयक केव्हा चुकते झाले, यांवरच अवलंबून राहते.